कारणाचा रकाना

रात्री अडीचला फ्रीजमध्ये
ओ निगेटिव्हच्या दोनच पिशव्या.
वरून लेबर रूमच्या डॉक्टर मुकादम:
बाळ ठीक, आईचं थांबत नाहीये. दोन्ही पाठवा.
रिसीव्हर ठेवते तोच कॅज्युअल्टी:
मानखुर्दला टेम्पो उलटलाय, तिघे की चौघे,
इकडे आणतील, नाहीतर शीवला नेतील.
गट? गट कुणाला माहीत.

परळच्या या तळघराला एकच खिडकी,
तीही गल्लीच्या पातळीला.
बाहेर चप्पल दिसते, माणूस दिसत नाही.
सोळा वर्षं एवढ्यावरूनच ओळखतेय
कोण घाईत आहे.

हातात काय होतं ते मोजलं.
हर्षदा किणी, वय सव्वीस: नाव होतं, नमुना होता,
क्रॉसमॅच जुळलेला.
पलीकडे तिघे की चौघे, हा आकडासुद्धा ऐकीव.
मानखुर्दहून शीव जवळ, परळ लांब;
पण ड्रायव्हरचं मन कुणी पाहिलंय?

एक पिशवी लगेच दिली.
दुसरी आतच ठेवली.
बाहेर गेलेली पिशवी अर्ध्या तासात परतली तर परतली,
नाहीतर गेलीच.
कुठल्या निर्णयाला परतीची वाट आहे, आणि किती वेळ,
एवढं तरी ठाऊक असावं.
फर्नांडिसला स्कूटरवरून वडाळ्याच्या पेढीकडे पिटाळलं.

मग रजिस्टर उघडलं.
तांडेल बाई शिकवायच्या,
आणि मला ते पटायला फार वेळ लागला:
कारण आधी लिही. उजाडायच्या आत.
निकाल आला की तो साक्षीदार फोडतो गं,
आपलंच कारण आपल्याला फितूर होतं.

तीन दहाला दुसरीही मागितली.
दिली.
टेम्पोचं तोवर काहीच कळलं नव्हतं.
फर्नांडिस निघालाय, एवढंच.
तेही लिहिलं. ‘कळले नाही’ असं,
स्वच्छ अक्षरात.

ते शीवला गेले,
हे मला सकाळी टपरीवर चहा घेताना कळलं.
सगळे म्हणाले, बरोबर केलंस.
मी काही बोलले नाही.

मागच्या जानेवारीतलं एक पान आहे.
असाच हिशोब, अशीच दोन ओळींची नोंद.
त्या रात्री ॲम्ब्युलन्स इकडेच वळली होती.

अधूनमधून ड्यूटी संपताना
मी दोन्ही पानं उलटून पाहते,
कुठल्या पानावर हात जास्त कापलाय ते.

खाडाखोड नाही. अक्षर एकच.