अनुक्रमांक सहाशे बारा

भाग एकशे चौदा, घणसोली.
शाळा सुटली की मी दारोदार फिरते,
खांद्याला निवडणुकीची पिशवी, हातात यादी,
मेलेली, भाडं सोडून गेलेली,
लग्न होऊन आलेली माणसं जुळवत.
माझ्या नावाच्या या यादीत चौतीस जणी.
नाव सांगत नाही.
चौतिसांतली कुठलीही धरा.

सहाशे बाराला एकच शब्द: खांडी.
स्त्री. वय एक्याऐंशी.
मला वाटलं, छपाईची चूक.

चौथा मजला, लिफ्ट बंद.
हिरामण मढवींनी पाणी द्यायच्या आधी
कपाटातून फाइल काढली.
रेशन कार्डावर कांदी.
आधारवर खंडू, लिंग पुरुष.
जमीन गेली त्या निवाड्यात खांदीबाई.
आणि तीन प्रतिज्ञापत्रं,
की वरील सर्व नावं एकाच बाईची आहेत.
"आईच्या ह्या नावापायी, मॅडम,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट नऊ वर्षं अडकला.
खंडाबाई करून टाका आता.
चार लोकांत असतं ते."

सून म्हणाली, खांड म्हणजे साखर ना?
गोड म्हणून ठेवलं असेल.
हिरामण म्हणाले, छे,
त्या साली खांडीभर भात झालं, वीस मण,
आत्ता एटीएम आहे तिथपासून
पार खाडीपर्यंत आमचंच शेत.
नातीला सातवा महिना. तिच्या मोबाइलवर
नावांचं ॲप: अर्थ, उगम, लोकप्रियता.
तिनं गंमत म्हणून टाइप केलं.
काही सापडलं नाही.
'तुम्हाला कान्हा म्हणायचं आहे का?'

म्हातारी बाल्कनीत सुकट निवडत बसलेली.
कमी ऐकू येतं म्हणे.
सगळं ऐकलं होतं तिनं.

"भादव्याची अवस," ती म्हणाली, सुकटीकडेच बघत.
"उधान. बांदाला खांड गेली.
अख्खा गाव पेंडा नि चिखोल घेवून पान्यान उबा.
हिकडं आयसला माझ्या कला.
बापूस पहाटं आला, कमरंपावत चिखोल.
सुईनीनं इचारलं, नाव काय?
त्याला वाटलं, इचारते, काय झालं?
बोलला, खांड.
नि तिथंच निजला.
मंग सुईनीनं ई लावली."

स्त्रीलिंगी प्रत्यय.
सातवीला मी तो दर वर्षी शिकवते,
फळ्यावर, रंगीत खडूनं,
आणि खांड मुळातच स्त्रीलिंगी आहे
हे सुईणीला सांगायला
मी ऐंशी वर्षं उशिरा पोचले होते.

"बुजली का खांड?"
"बुजली त. म्हनून त भात झाला.
पोरगा खोटा नाय बोलत."
"आणि साखर?"
ती पहिल्यांदा हसली, दोनच दात.
"साकर कुटली. पल्याड मीठच व्हता."

हिरामणनी अर्ज भरला, नमुना आठ,
सुरेख अक्षरात खंडाबाई.
शाईचा पॅड पुढे केला.
तिनं अंगठ्याकडे पाहिलं,
त्याला चिकटलेला एक बारीक डोळा
पदराला पुसला,
आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.
"हे झाल्यावर."
सूप बरंच भरलेलं होतं.
नात खोलीतून ओरडली,
ई काढली तर कसं वाटेल, पणजी?
म्हातारीला ते मात्र ऐकू आलं नाही.

खाली उतरले तेव्हा भरती असावी.
कोपऱ्यावर गटाराचं लोखंडी झाकण
आतून जरासं उचलत होतं, बसत होतं,
वर एक स्कूटर लावलेली.
वॉचमन म्हणाला, अवसेला असंच होतं, मॅडम,
महापालिका येते, बघून जाते.

सहाशे बारापुढे मी लिहिलं: भेटली.
दुरुस्तीच्या रकान्यात काही नाही.
अंगठ्याविना अर्ज पिशवीत घडी घालून ठेवला
आणि शेजारच्या बिल्डिंगचा जिना चढले.
सहाशे तेरा.
माझ्याच नावाची.