आलं का?

मंगळवारी फुजैरात चाळीस मिनिटं पाऊस पडला.
शाळेनं सुट्टी दिली, नगरपालिकेनं पंप पाठवले,
आणि आमच्या गाडीत, बाजूच्या सीटच्या पायाशी
बोटभर तळं साचलं.
काचा बंद होत्या. सनरूफ बंद होतं.
दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा,
निजायच्या आधी गॅस बघतात तसं.

मॅट बाल्कनीत वाळत घातली.
खालच्या फोमला ओल्या गोणपाटाचा वास.
गॅरेजवाल्या नौशादनं छताच्या कापडावरचा डाग
डोळे मिटून चाचपला, नाडी बघावी तसा,
म्हणाला, छत उतरवावं लागेल. नऊशे दिरहम.
मी म्हटलं, विचार करून सांगते.
विचार करण्यासारखं काही नव्हतं,
मुक्ताच्या बसची फी भरायची होती.

रात्री खणातलं जाडं पुस्तक काढलं,
श्रीरंगनं एकदाही न उघडलेलं,
उष्म्यानं पानं एकमेकांना चिकटलेली.
त्यात होतं ते असं:
सनरूफचं रबर पाणी थांबवत नाही.
पाणी येणार हे धरूनच गाडी बांधतात.
कडेनं पन्हळ, पन्हळीच्या चार कोपऱ्यांत चार भोकं,
भोकांतून खांबांच्या पोटातून उतरणाऱ्या नळ्या,
आणि चाकांजवळ कुठंतरी, गुपचूप, जमीन.
दहा वर्षं मी समजत होते
डोक्यावर झाकण आहे.
होतं ते गटार.

शुक्रवारी सकाळी इमारतीमागं बदामाखाली गाडी लावली.
बागेतला सिराजुल गवत कापायच्या यंत्रात भरतो
ती नायलॉनची तार, त्यानं दोन वाव तोडून दिली.
टोक लायटरनं वितळवून गोल केलं.
आपा, धारेचं टोक नळी फाडतं.
पैसे नको म्हणाला. चहा घेतला, दोन कप.

स्टुलावर मुक्ता, हातात फुलपात्र.
मी पुढच्या चाकाशी, गाल जवळजवळ डांबराला लागलेला.
ओत.
ओतलं. आलं का?
नाही.
थांब, वर भरलंय आई, आत सांडेल.
मग थांब.

उठले. तार भोकात सोडली.
वीतभर सरळ गेली, मग अडली.
अठरा वर्षं वॉर्डात नव्या पोरींना सांगतेय,
जोर लावायचा नाही, फिरवत जायचं,
अंग आपणहून वाट देतं.
गाडीला अंग असतं का, ठाऊक नाही.
फिरवली. मागं घेतली. पुन्हा फिरवली.
समोर हजरचे डोंगर, धुऊन निघालेले, तीन दिवसांत
परत आपल्या जुन्या रंगावर आलेले.
कुणीतरी जुम्म्याला निघालं होतं, अत्तर मागं सोडून.

आलं का?
नाही गं.
आता?

आधी एक थेंब, चहाच्या गाळासारखा.
मग धार. तपकिरी, जाड,
किती वादळांची वाळू त्यात, कुणास ठाऊक,
बदामाच्या पानाची शीर, चिलटाचा पंख,
आणि सूर्यफुलाच्या बीचं टरफल. अर्धं.

सनरूफ हवंच, हा हट्ट श्रीरंगचा.
दिब्ब्याच्या रस्त्याला तो छप्पर उघडून
दातांनी बिया फोडायचा, टरफलं वर भिरकवायचा,
वारा त्यातली निम्मी आमच्याच केसांत परत आणायचा.
मी चिडायचे. मुक्ता मागं सीटला बांधलेली, हसायची.
तो दम्मामला असतो आता. सणाला फोन करतो.

टरफल तळहातावर घेतलं.
खारट असेल का अजून, असं मनात आलं,
लगेच लाजही वाटली.
नखानं उडवून दिलं.

काय होतं गं?
कचरा.
खूप?
होता बऱ्यापैकी.

डांबरावरचं पाणी बघता बघता आटलं,
वाळूची एक बारीक रेघ तेवढी राहिली,
आधी माझ्या चपलेखाली, मग तीही नाही.
मुक्ता स्टुलावरून उतरली,
स्टूल गाडीला वळसा घालून घसटत नेलं,
चढली, रिकामं फुलपात्र खाली धरलं.

भरून दे, म्हणाली.
अजून तीन आहेत.