तीन जोडण्या शिल्लक

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, पहिल्या मजल्यावरचा गाळा.
खाली पावडर कोटिंगवाले, म्हणून आमच्या चहालाही
भट्टीतल्या रंगाचा वास.
साडेसहाला मी ऑटोराउट दाबलं
आणि हात मांडीवर घेऊन बसले
नैवेद्य दाखवल्यासारखी.

वरच्या थराला तांबडी, खालच्याला निळी,
रेषा पळत सुटल्या.
पन्नास टक्के. ऐंशी. एक्क्याण्णव.
इथवर सगळ्यांचंच बरं चालतं.
सत्त्याण्णवला ते घुटमळलं.
चार रेषा उपटल्या, तीन टाकल्या,
तीन उपटल्या, चार टाकल्या,
पंगतीत बसलेल्यांना उठवून
भलत्यालाच पाट देणाऱ्या मामासारखं.
मग पाटी आली : तीन जोडण्या शिल्लक.

तीनच की!
पण त्यातली एक क्रिस्टलची.
क्रिस्टल चिपपासून चार मिलिमीटरवर,
अंगठा टेकवला तर दोघंही झाकावीत एवढा शेजार,
आणि मधल्या त्या बोळातून त्यानं
एका एलईडीची तार नेलेली,
जिला कुठूनही जाता आलं असतं.
बझरची तार तर बोर्डाला प्रदक्षिणा घालून,
सात भोकं पाडून,
निघाली होती तिथूनच बोटभर अंतरावर पोचलेली.
तपासणी लावली. चुका : शून्य.
एकही नियम मोडला नव्हता त्यानं.
काय बोलणार?

माळगी साहेबांचा फोन.
"अठ्ठ्याण्णव झालं म्हणजे झालंच ना?
रबाळ्याचा माणूस फाइलसाठी थांबलाय."
साहेब, लिफ्टचा दरवाजा आहे हा,
दोन टक्क्यांत कुणाचा तरी हात असतो.
हे मी म्हटलं नाही. "बघते," म्हटलं.

धुरीकाका चष्मा कपाळावर चढवून मागे उभे.
त्यांनी काचेखाली दिवा लावून
काळी टेप ब्लेडनं कापत तारा ओढल्यात,
चुकलं की नखानं खरवडायची.
वाटलं, आता मशीनला शिव्या घालतील. मला हव्या होत्या.
ते म्हणाले, "हा कनेक्टर उलटा का बसवलास?"

बघितलं. उलटाच होता.
बारा पिना, बाराही तारा एकमेकींवरून उड्या मारणाऱ्या,
आणि मी तासभर बिचाऱ्याला
(बिचारं कसलं, एलईडीचं मी विसरणार नाही)
तोंडानं नाव ठेवत होते.

सगळं निवडलं. पुसलं.
उरल्या बारीक पांढऱ्या रेघा,
सैल पडलेल्या बाजेच्या सुतळीसारख्या.
कनेक्टर फिरवला, तर निम्मा गुंता
कुणी हात न लावताच सुटला.
आधी क्रिस्टल. मग ग्राउंड.
मग सेन्सर, रिलेपासून लांबून, सोवळ्यात.

खालची भट्टी कधी बंद झाली कळलं नाही.
काका डबा धुऊन कधीच गेले होते.
दहा चाळीस, आणि एक तार राहिली.
खालून नेली असती तर ग्राउंड फाटलं असतं,
वरून वाट नव्हती.
मी शून्य ओहमचा एक रेझिस्टर ठेवला.
काहीच न अडवणारा,
पाठीवरून एक तार, पोटाखालून दुसरी.

उद्या यादी बघून साहेब विचारतील,
हा कशाला? बारा पैसे.