डेमो

भगवंत सुरोशेनं सकाळी फोन केला,
नेहमीसारखा ओरडतच:
"मिलचे पैसे आले. आता मोठी पेटी घ्यायची.
तू चल. तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं कळायचं तेव्हा
खजुरी बाजारात माझं एक टेबल होतं
आणि टेबलावर पोट उघडून पडलेले रेडिओ.
व्हॉल्व्ह गेले, टेबल गेलं.
हे त्याला फोनवर कोण ओरडून सांगणार?
निघालो.

जेल रोडवर मुर्तझाभाईंचं दुकान, आत काचेची खोली.
तिथं शिरलं की रस्त्यावरचे हॉर्न
चपलांसारखे दाराबाहेर राहतात.
"भिया, आप इधर. बीचोबीच बैठो."
भगवंत बसला, मांडीवर पिशवी, पिशवीत पासबुक,
शाळेच्या ग्रुप फोटोला बसावं तसा.

"अब सुनो. घुंगरू का एक-एक दाना."
मी ऐकलं. खरंच, दाणा न् दाणा.
उजव्या कोपऱ्यातून कुणी जिना उतरत होतं.
भगवंत बघत होता,
पेटीकडे नाही,
माझ्या चेहऱ्याकडे.

बत्तीस वर्षं साचाखात्यात.
एका छपराखाली इतके साचे
की जेवणाच्या सुट्टीतही कानात चालू राहायचे.
तिथं माणसं ओठ वाचत,
बोटांनी हिशोब करत, भुवयांनी शिव्या देत.
चिमण्या, घुंगरं, वाटीत पडलेला चमचा,
वरच्या पट्टीतलं जे जे म्हणून होतं
ते साच्यांनी पगारातून कापून घेतलं.
नातीचं नाव शुची.
त्याच्यापर्यंत ते नुसतं उ-ई होऊन पोचतं.

मला ठाऊक होतं,
घुंगरांसाठी लावलेले ते वरचे अठरा हजार
त्याच्या कानाच्या उंबऱ्याबाहेरच उभे राहणार.
पण काचेच्या खोलीत, मुर्तझाभाईंच्या देखत,
हे बोलायचं कसं?
"चांगलंय?" त्यानं विचारलं.
"चांगलंय," मी म्हणालो, "म्हणजे..."

तोवर तो उठला होता.
पिशवी माझ्याकडे दिली.
पेटीच्या कुशीला तळवा टेकवला, डोळे मिटले.
असाच साच्याला हात लावून सांगायचा,
खालचं बेअरिंग संध्याकाळपर्यंत जाणार.
आणि ते जायचं.

"बदल." दुसरी लावली. "बदल."
मुर्तझाभाईंचं घुंगरांचं पुराण थांबलं.
कोपऱ्यात एक जुनी जोडी होती,
जाळीला पोचा, अंगावर धूळ, किंमत निम्मी.
तिच्यावर हात बराच वेळ राहिला.
"ही," म्हणाला. "ही थापा मारत नाही."

मग माझं काम सुरू झालं.
वाकून मागचा शिक्का वाचला, आठ ओहम,
वूफरचा पुठ्ठा चाचपला, शाबूत.
पोचा दाखवून बाराशे उतरवले,
वायर फुकट घेतली, तीही जाडीच.
मुर्तझाभाई हात जोडून म्हणाले, "उस्ताद हो आप."
कुणाला, ते मी विचारलं नाही.

रिक्षात दोन खोकी, उरलेल्या जागेत आम्ही.
परदेशीपुऱ्यात पोचेस्तोवर अंधार.
तारा मीच जोडल्या, बॅटरीच्या उजेडात.
शुचीनं मोबाइलवरून काहीतरी लावलं,
मी मधोमध उभा राहून ऐकलं,
मान डोलावली, घरी आलो.

रात्री साडेदहाला फोन:
"त्या दोघी भांडतायत!"
"कोण?"
"पेट्या! एक पुढे येते तेव्हा दुसरी मागे सरते!"
"तुला भास होतोय. मी ऐकलंय ना."
"तू ऐकलंस!" तो म्हणाला. "मी हात लावून बसलोय!"

सकाळी गेलो. डावीचं तोंड भिंतीपासून वळवलं.
लाल तार काळ्याच्या जागी,
काळी लालच्या.

स्क्रू सैल करताना मी मान वर केली नाही.
भगवंतही काही बोलला नाही.
आतल्या खोलीकडे तोंड करून
त्यानं दोन चहा मागवले,
सगळ्या गल्लीला ऐकू जातील असे.