पाच ग्रॅम

लानेथ्लीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
गॅरेथ नावाचा एक पोरगेला सल्लागार
माझ्यापुढे कागद सरकवतो.
"तुम्हाला काय काय येतं, ते लिहा."
रकाना चांगला तळहाताएवढा.
मी लिहिते : पोस्टाची खिडकी, सतरा वर्षं.
आणि पेनाला टोपण लावते.

शुक्रवारी खिडकी बंद झाली.
आता तिथे व्हेप विकणार आहेत म्हणे.

"बरं," तो म्हणतो, "शुक्रवारी काय केलंत?"

काय करणार?
एमलिन आजोबांचं पार्सल हातावर तोललं,
म्हटलं, चारशे दहा.
काटा म्हणाला, चारशे बारा.
आजोबा म्हणाले, काटा दुरुस्तीला टाक.

मग मिसेस बेव्हन आल्या,
सहाशे पौंडांची गिफ्ट कार्डं मागत.
फोन कानाला, ओठ पांढरे,
पलीकडे कुणीतरी 'बँकेतून' बोलतंय.
मी म्हटलं, मशीन बिघडलंय.
मशीन ठणठणीत होतं.
त्यांना स्टुलावर बसवलं, फोन अलगद काढून घेतला
आणि त्या माणसाला मराठीत जे सुनावलं
ते या रकान्यात मावणार नाही.

गॅरेथ भराभरा काहीतरी खरडतोय.
अहो, हे काही येणं नव्हे,
हे नुसतं समोरच्याकडे बघणं.
तो मान वर न करता : "पुढे?"

पुढे काय...
रांगेत कोण भडकणार
ते मला खांद्यांवरून कळतं.
घटस्फोटाचे कागद पाठवणारी बाई
पाकीट दोनदा चिकटवते, तिला मी पावती उशिरा देते.
आणि या गावाचं नाव!
जीभ टाळूला, हवा गालाच्या कडेनं.
पहिल्या हिवाळ्यात बाथरूमची कडी लावून शिकले.
मुलगी बाहेरून ओरडायची, आई, साप शिरलाय का गं आत?

"आणि याचा पगार कोण देतं?" मी विचारते.
तो खरं बोलतो, म्हणून आवडतो :
"अजून माहीत नाही.
स्वान्सीला एक बँक आहे, फसवलेल्यांचे फोन घ्यायला माणसं हवीत.
तिथपासून सुरू करू."

कागद माझ्याकडे परत येतो.
रकाना भरून त्याचं अक्षर समासात चढलंय,
मागच्या बाजूलाही गेलंय.
सवयीनं मी तो हातावर तोलते.
पाच ग्रॅम.
कोरा होता तेव्हाही तेवढाच.

स्वान्सीची पहिली बस कितीला असते रे?