सात पायऱ्या

मुरंबीच्या जुन्या मोंढ्यात आठ गाळ्यांची एक ओळ आहे.
सगळ्यांची पाठ एकाच भिंतीला,
सगळ्यांच्या पुढं एकच लांब ओटा.
चौथ्या गाळ्यापुढं माझ्या बापाचं शिलाई मशीन असायचं.
गाळा मुंदड्यांचा, कापड मुंदड्यांचं,
आमची फक्त सावली,
तीही दुपारी तीनपर्यंत.

बाप सांगायचा, ओट्याला सात पायऱ्या होत्या.
मी शाळेत जायला लागलो तेव्हा पाच मोजल्या.
माझ्या पोरीनं तीनच मोजल्या
आणि म्हणाली, आजोबा फेकतात.

पायऱ्या कुणी नेल्या नाहीत.
रस्ता वर आला.
दर निवडणुकीला डांबरावर डांबर,
खालचं उकरायचे पैसे कोण देणार,
आणि दुकानं जागची न हलता
बुटकी होत गेली.

ओटा एवढा उंच कामून,
तर तो बैलगाडीच्या साटीला लागावा म्हणून.
गाडी उलटी लावायची,
बोजा सरळ आत सरकवायचा,
हमालाच्या मानेला तेवढाच आराम.
मग टेम्पो आले, त्यांची उंची वेगळी.
मग मोंढाच बायपासला गेला
आणि ओटा कशाच्याच उंचीचा उरला नाही.

पहिल्या गाळ्यात चन्नप्पा वारद.
हाली शिक्का बंद झाला त्या साली
त्यानं एक रुपया उंबऱ्यात खिळ्यानं ठोकला.
"चालत नाय म्हणून नव्हं," म्हणायचा,
"कुणी चालवू नये म्हणून."
त्याच्या नातवानं उंबऱ्यावर टाईल बसवली.
रुपया खाली असेल.

सहावा गाळा अत्तारांचा. आता तिथं गजानन मेडिकल.
दाराला अजून सुट्या फळ्या, अकरा,
प्रत्येकीवर उर्दू आकडा कोरलेला.
गजाननला उर्दू येत नाही.
रोज रात्री आकडे बघून तो फळ्या लावतो,
एकदाही चुकत नाही.
"वाचत नाय मामा, तोंडं वळखतो."

पोलीस ॲक्शनच्या त्या भादव्यात
अत्तारांच्या वहीदनं, वय वर्षं बारा,
किल्ली माझ्या बापाच्या हातात दिली,
त्याचंही वय बारा.
कल आतूं, एवढंच बोलला.
कुलूप पुढं कचेरीच्या माणसानं तोडलं.
किल्ली राहिली मशीनच्या खणात,
बॉबिनांच्या डबीत, मशीनबरोबर तेल पाजलेली.

गेल्या वर्षी गटारीसाठी जेसीबीनं ओट्यापुढं खोदलं.
चार दिवस सगळ्या पायऱ्या उघड्या.
लोक फोटो काढून गेले.
मुंदडाशेठ, नव्वदीचे, खुर्चीत बसून आले
आणि काठीनं मोजल्या. दोनदा.
"सातच. तुळजाराम खरं बोलूलालता."
बाप जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी खाली उतरलो.
सहाव्या गाळ्यासमोर, सगळ्यात खालच्या पायरीवर,
मातीनं भरलेला नवकंकरीचा पट,
खिळ्यानं कोरलेला, एक रेघ तिरकी गेलेली.
पायऱ्यांची संख्या बापानं शंभरदा सांगितली.
हा पट एकदाही नाही.

शुक्रवारी पाईप पडले, शनिवारी काँक्रीट.
आता दोन पायऱ्या आहेत.
पोरगी ओट्यावर मोबाईलची कव्हरं विकते,
मशीनवर तिची चार्जरची पेटी.
परवा खण उचकत विचारत होती,
"बाबा, ही किल्ली कशाची? टाकू?"
मी म्हटलं, तेल संपलंय,
येताना छोटी बाटली आण.