हात दाखवा

साकोलीच्या पुढे, फाट्यावरून आत,
मासोळीच्या कारखान्याच्या दाराशी
एक स्टूल आहे. ते माझं.
आत मासोळी बर्फात, बाहेर बाया उन्हात,
मधात मी.

चपला इथं सोड. बांगड्या त्या डब्यात.
पोत निघत नसेल तर आत घाल, वरून पट्टी मार.
कुंकू पूस माय, सुटीत परत लावशील.
पांढऱ्या पाण्यात गमबुटानं उभी राहा,
टांग टाकून ओलांडू नको, तो काही ओढा नाही.
नळ गुडघ्यानं उघडतो.
वीस सेकंद.

घड्याळ भिंतीवर आहे,
पण भागरता मारबते तिकडं पाहत नाही.
फेस करत करत मोजते :
डाडक, बोटरी, शिंगूर, मरळ,
घोगर, चाचा, परण, वाडीस...
तळ्यातून गेलेल्या एकेकीचं नाव घेते.
नावं संपली की वीस झाले.
आत पट्ट्यावर तर नुसता पंगस येतो.
साहेबांनी एकदा विचारलं, ही काय मंत्र म्हणते?
मी म्हटलं, हो.

मग हात दाखवा. पालथे. आता उताणे.
हळद दिसली की कळतं कुणाच्या घरी लगीन,
काजळी दिसली की कुणाचं सिलिंडर संपलं.
रुखमाच्या मनगटावर गोंदलेला विंचू.
नव्या सुपरवायझरनं ब्रशनं घासायला लावला,
कातडी लाल झाली, विंचू तसाच.
"सायेब, मायनं गोंदवला हाये थो.
माह्यासंगंच जाईन."

चौथीत माझ्या बाजूला
दप्तरं ठेवत, पोरी बसत नव्हत्या.
वास येते हिचा.
मायला टोपलीसकट एसटीच्या मागच्या दाराशी उभं ठेवायचे,
तिकीट मात्र पुरं.
जग आमच्या मासोळीपासून जपून राहायचं.
आता मासोळीला जपायचं,
आमच्यापासून.
कधी कधी स्टुलावर बसल्या बसल्या हसू येतं.
मास्क असतो, म्हणून बरं.

दर पंधरा दिवसांनी नागपूरहून एक पोरगा येतो.
कापसाची काडी तळहातावर फिरवतो,
नळीत घालतो, वर नंबर लिहितो. नाव नाही.
या खेपेला चौदा नंबरांत एकच लाल.
नऊ.
बाया एकमेकींच्या हातांकडे पाहू लागल्या.
नऊ मी.

दिवसातून चाळीस वेळा धुतलेले हात.
दाखवायला शिकवते म्हणून आधी मी धुते,
प्रत्येकीला शिवते म्हणून मागून मी धुते.
पोरगा खाली मान घालून म्हणाला,
"मावशी, भेगा पडल्या तुमच्या. साबणानंच.
भेगेत जंतू बसते."
चार दिवस घरी. बिनपगारी.
मलम लावा म्हणाला. कोणतं, ते नाही सांगितलं.

स्टुलावर भागरता बसली.
जाताना सवयीनं नाही, मुद्दाम,
मी हात पुढं केले.
तिनं पालथे पाहिले, उताणे पाहिले,
अंगठ्यानं एक भेग चाचपली.
"इतके दिवस कोणं पाह्यलेच नाही न बाई तुये."
आणि लगेच ओरडली, चला, पुढची.

संध्याकाळी पोरानं तळ्यावरून ओंजळभर झिंगे आणले.
राख लावून साफ केले, मोहाच्या पातीसारखे गरम तव्यावर परतले.
टोरीचं तेल कोमट करून भेगांत भरलं.
झोंबलं.
त्याआधी बोअरिंगवर हात धुताना,
नातीला दांडा हापसायला लावून,
मोजत होते मी : डाडक, बोटरी, शिंगूर...
वाडीसच्या पुढचं एक नाव आहे,
ते काही केल्या येईना.
"आजी, झाले का? हात दुखून राहिले माहे."
उद्या भागरताला विचारीन.
उद्या तर सुटी आहे.